‘शाळेचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या निवासी क्लासपासून सावध राहा

नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी पोराला किंवा पोरीला नागपूरच्या निवासी क्लासमध्ये ठेवायचा विचार ज्यांच्या घरात चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांची मुलं खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत आहेत, त्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच. आमचे पैसे गेले. पण त्याहून मोठं नुकसान कागदावर झालं, आणि ते कुठल्याही रकमेनं भरून निघणार नाही. क्लासचं नाव इथे देत नाही, कारण ग्राहक आयोगात आमची तक्रार चालू आहे.

आमचं गाव नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात. घरची धानाची शेती आणि मी अंगणवाडी सेविका. लेक अभ्यासात चांगली, गणितात तर वर्गात पहिली. नवोदयचं स्वप्न आमच्याकडे काही नवीन नाही. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालयं उघडली, त्यातलं एक आपल्या अमरावतीचं. तेव्हापासून विदर्भातल्या खेड्यांत ‘नवोदयला लागला’ म्हटलं की त्या घराकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. सहावी ते बारावी राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, सगळं सरकारकडून. आपल्या जिल्ह्याचं विद्यालय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला आहे. दरवर्षी सहावीत जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, आणि सहावीच्या प्रवेशाच्या या परीक्षेला पाचवीत असताना, एकदाच बसता येतं. दुसरी संधी नाही म्हणूनच आईबाप घाबरतात, आणि त्या भीतीवरच हे क्लास चालतात.

क्लासचा माणूस आमच्याकडे चालून आला. तालुक्याच्या बाजारात त्यांनी टेबल लावलं होतं. मागे मोठं बॅनर, त्यावर नवोदय आणि सैनिक स्कूलच्या गणवेशातल्या मुलांचे फोटो, खाली ‘१०० टक्के निवडीची लेखी हमी, नाही तर पैसे परत’. मुलांची मोफत चाचणी घेतली. दोन दिवसांनी फोन आला की तुमची मुलगी तालुक्यात दुसरी आली आहे. ‘ताई, अशी पोरगी गावात ठेवली तं तिचं वाटोळं होईन. तुम्ही फक्त दाखला काढून आणा, शाळेचं आम्ही बघतो.’

हे शेवटचं वाक्य नीट वाचा. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच आहे. महाराष्ट्रात अशा जिल्हा परिषद शाळा ढिगानं आहेत. चौथी झाली की दाखला काढायचा आणि शेजारच्या मोठ्या गावात पाचवीला नाव टाकायचं, ही दरवर्षीची रीत. त्यामुळे दाखला काढायला सांगितलं यात आम्हालाच काय, गावातल्या कुणालाही वावगं वाटलं नाही. हे लोक नेमके त्याच वळणावर उभे असतात. चौथीची परीक्षा संपते, दाखला हातात येतो आणि फोन सुरू होतात.

नवोदयच्या माहितीपत्रकात काय लिहिलेलं आहे ते सांगते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. म्हणजे ८० पैकी ६०. उरलेल्या जागा गुणवत्तेनं भरतात आणि तिथे शहर-खेडं सगळेच स्पर्धेत असतात. पण ग्रामीण म्हणून धरलं जायला मुलानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकलेलं असावं लागतं. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत नाव असलं, तरी मूल शहरी धरलं जातं. तुमचं घर, शेती, रेशनकार्ड सगळं खेड्यात असलं तरी फरक पडत नाही. बघितलं जातं ते शाळा कुठे आहे हे.

क्लासनं आमच्या लेकीचं नाव नागपूर शहरात, रिंग रोडच्या आतल्या एका खाजगी शाळेत टाकलं. तिथे ती जवळजवळ गेलीच नाही, फक्त हजेरीपटावर होती. पण त्या एका नोंदीनं ती ६० जागांच्या रांगेतून बाहेर फेकली गेली. ‘ग्रामीण मुलांना नवोदयला पाठवणारा क्लास’ अशी ज्याची जाहिरात, त्याला हा नियम माहीत नसेल हे मला अजिबात मान्य नाही. त्यांना मुली वसतिगृहात हव्या होत्या, कारण पैसा वसतिगृहात आहे. नुसत्या रविवारच्या वर्गाला कोण किती देणार?

वर्षाचे ८५ हजार ठरले. आमच्या यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सोसायटीच्या कर्जाची फेड थोपवून धरली आणि म्हणाले, ‘पोरीचं भलं होत असन तं देऊन टाकू.’ अर्धे रोख घेतले, अर्धे फोनवरून एका बाईच्या खाजगी खात्यात टाकायला लावले. वर ‘फॉर्म फी’ म्हणून १५०० वेगळे. नवोदयचा फॉर्म भरायला एक रुपयाही लागत नाही, संकेतस्थळावर तो पूर्ण मोफत आहे. तुमच्याकडे कुणी फॉर्मचे पैसे मागितले, तर त्या माणसाचं बाकीचं बोलणं ऐकायचीही गरज नाही. आणि पावती? पावतीवर क्लासचं नावच नव्हतं. एका संस्थेला ‘शैक्षणिक देणगी’ दिल्याची ती पावती होती. विचारलं तर ऑफिसातली मॅडम म्हणाली, ‘सगळ्यांना अशीच देतो, टॅक्ससाठी आहे.’ देणगी परत मागता येत नाही असं पुढे हेच लोक आम्हाला सांगणार होते.

शिकवणीबद्दल सांगते, कारण फसवणूक तिथेही होती. परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. निम्मा पेपर मानसिक क्षमतेचा, ४० प्रश्न, सगळे आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडला तर कसा दिसेल, आकृतीत लपलेली आकृती शोधा, असे दहा प्रकार. मग अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. भाषेत उतारे वाचून उत्तरं द्यायची. चूक उत्तराला गुण कापत नाहीत. मराठी माध्यमातून देता येते. हा पेपर घोकून सुटत नाही. मुलाला आकृती मनात फिरवता आली पाहिजे, आणि ती सवय रोज थोडं-थोडं करूनच लागते.

क्लासमधून दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर टेस्टचे मार्क यायचे. ७२, ८१, ८८, ९४. चढतच गेले. आम्ही ते मार्क पाहुण्यांना दाखवायचो. दिवाळीत लेक घरी आली तेव्हा यांनी नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेल्या प्रश्नसंचातला एक पेपर घड्याळ लावून दिला. तिला निम्मेसुद्धा जमले नाहीत. रडायला लागली. मी जवळ घेतलं आणि विचारलं की तिथे तर इतके मार्क पडतात. तर म्हणाली, ‘आई, तिथं टेस्टमंदी तेच येते जे आदल्या दिवशी सर फळ्यावर सोडवून देते. आम्ही ए बी सी डी पाठ करतो.’

दहा वर्षांच्या पोरीला आपण हुशार आहोत असं महिनोन् महिने खोटंच दाखवायचं आणि आईबापाला त्या मार्कांवर खूश ठेवायचं. याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे. तिचा वेळ गेला. ती गावात राहून रोज तास-दीड तास खरा सराव करती, तर कितीतरी पुढे असती. तिला गणित आवडायचं, ते त्या दिवसांत तिला नकोसं झालं.

वसतिगृहाचं थोडक्यात. भाड्याचं घर, एका खोलीत आठ-दहा मुली, फोन आठवड्यातून एकदा आणि तोही स्पीकरवर, बाजूला मॅडम उभी. लेकरू काय बोलणार?

दिवाळीनंतर मी फॉर्मची प्रत मागायला सुरुवात केली. भरताना मोबाईल नंबर त्यांचाच दिला होता, म्हणून ओटीपी, मेसेज सगळं त्यांच्याकडे. आज देतो, उद्या देतो करत शेवटी प्रवेशपत्राच्या वेळी मी ऑफिसातून उठलेच नाही, तेव्हा छापून दिली. त्यात भाग या रकान्यात ‘शहरी’. मी विचारलं तर सर शांतपणे म्हणाले, ‘ताई, ते होते ठीक. एका गावच्या शाळेतून तीन वर्षांचा दाखला बनवून घेऊ, २५ हजार लागतील.’

मी नाही म्हटलं. निवड झाल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते. खोटा दाखला सापडला तर प्रवेश जातो आणि गुन्हा आईबापावर लागू शकतो, कारण फॉर्मवर सही आपली असते. हे असे ‘बनवून देतो’ म्हणणारे त्या दिवशी तुमच्यासोबत उभे राहत नाहीत.

परीक्षा झाली. निकालात तिचं नाव नव्हतं. ग्रामीणमधून बसली असती तर नक्की लागली असती, असं मी म्हणणार नाही. पण तिच्या हक्काची रांग तिला मिळाली नाही, हे खरं आहे.

आणि निकालानंतर त्यांचा दुसरा धंदा सुरू झाला. फोन आला की वेटिंगमध्ये नाव लावून देतो, दिल्लीत आपला माणूस आहे, ६० हजार. त्या क्लासमधल्या बऱ्याच पालकांना हा फोन गेला आणि दोघांनी पैसे दिलेही. यांनी आणि मी थेट नवेगाव खैरी गाठलं. तिथल्या कार्यालयात आम्हाला सरळ सांगितलं की प्रतीक्षा यादीसुद्धा परीक्षेतल्या गुणांवरच लागते, कुठल्याही टप्प्यावर कुणाला पैसे द्यायचे नसतात आणि मॅनेजमेंट कोट्यानं किंवा ओळखीनं मिळणारी जागा नवोदयमध्ये नाहीच. ज्यांना असा फोन येईल त्यांनी बोलणं रेकॉर्ड करा आणि पैसे टाकू नका. टाकले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते.

मग हमीचे पैसे मागितले. पावतीसोबत सही केलेल्या कागदाच्या मागे बारीक अक्षरांत अटी होत्या. ९५ टक्के हजेरी आणि प्रत्येक टेस्टमध्ये ९० गुण असतील तरच निम्मी फी परत. दिवाळीची सुट्टी त्यांनी स्वतःच दिली होती, तीच गैरहजेरी धरली. बॅनरवरच्या एका मुलीच्या आईशी मौद्याला माझी भेट झाली. त्यांची मुलगी खरंच नवोदयला लागली आहे, पण या क्लासमध्ये ती कधी शिकलीच नव्हती. बाजारातल्या मोफत चाचणीला बसली होती, तिथे फॉर्मवर फोटो लावून घेतला होता. शिकली ती गावातल्याच शाळेत. गुरुजी सकाळी शाळेच्या आधी पाच-सहा मुलांना घेऊन बसायचे.

तुमच्यावर ही वेळ आली असेल तर गप्प बसू नका. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या आहेत. त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, रँकची किंवा चांगल्या गुणांची हमी देऊ नये आणि मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं म्हटलं आहे. मी त्याची छापील प्रत, यूपीआयचे स्क्रीनशॉट, बॅनरचा फोटो आणि ती देणगीची पावती तक्रारीला जोडली. आयोगाची नोटीस गेल्यावर ३० हजार परत आले आणि ‘तक्रार मागे घ्या’ असा निरोप आला. मी घेतलेली नाही.

लेक आता शेजारच्या गावात सहावीत आहे. नवोदयला नववीतही रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, आठवीत असताना देता येते. द्यायची की नाही ते तिचं ती ठरवेल, आम्ही विषय काढत नाही. गणिताचं पुस्तक मात्र ती परत स्वतःहून उघडायला लागली आहे.

यंदा गावातल्या चौथीच्या मुलांचे दाखले निघाले तेव्हा मी प्रत्येकाच्या घरी गेले. माहितीपत्रकाचं ते पान वाचून दाखवलं. दोन घरांत त्याच क्लासचा फोन येऊन गेला होता, एकानं तर ५ हजार टोकनही दिलं होतं. ते परत मिळवायला मी त्यांच्यासोबत बसले आणि मिळाले. सगळ्यांची नावं पाचवीला शेजारच्या गावातच पडली. फॉर्म त्यांनी स्वतःच्या मोबाईल नंबरवरून भरला, छापून घेतला आणि भाग या रकान्यात ‘ग्रामीण’ आहे की नाही ते तिथल्या तिथे बघितलं. तिथे चूक राहिली असेल तर शेवटच्या तारखेनंतर दुरुस्तीसाठी थोडे दिवस खिडकी उघडते, तेव्हा ती सुधारता येते.