जीबीडी कम्पेअर : मृत्यूचं रजिस्टर लिहिलेल्या माणसाचा अभिप्राय

ग्रामसेवक होतो. नोकरीभर गावच्या जन्म-मृत्यूचं रजिस्टर माझ्याच हातात असायचं. 21 दिवसांत नोंद करायची असते, पण बहुतेकांना दाखल्याची आठवण व्हायची ती सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ आली की. मृत्यूचं कारण विचारलं तर उत्तरं ठरलेली: म्हातारपण, अल्पसा आजार, नाहीतर 'हार्ट बंद पडलं'. घरीच गेलेल्या माणसाला शेवटच्या दिवसांत डॉक्टरनं पाहिलेलंही नसायचं. त्यामुळे आपल्या देशात माणसं कशानं जातात हे कुणी आकड्यांत सांगतं म्हटल्यावर मी ते बारकाईनं पाहणारच.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आयएचएमई या आरोग्याची आकडेवारी मांडणाऱ्या संस्थेचं 'जीबीडी कम्पेअर' हे संकेतस्थळ फुकट आहे. जीबीडी म्हणजे 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज', जगभरातल्या आजारांचा भार. देशातले सगळे मृत्यू पडद्यावर लहानमोठ्या चौकोनांत मांडलेले दिसतात. संसर्गाचे आणि बाळंतपणाचे लाल, हृदयविकार-कर्करोगासारखे निळे, अपघात-आत्महत्यांचे हिरवे. वर्ष 1990 वरून पुढे सरकवलं की लाल आकसत जातो आणि निळा पसरतो. भारतात निळ्या गटाचा वाटा 1990 मध्ये 37.9 टक्के होता, 2016 मध्ये तो 61.8 झाला. त्याच काळात बायकांचं सरासरी आयुर्मान 59.7 वरून 70.3 वर गेलं, पुरुषांचं 58.3 वरून 66.9 वर. यातली मोठी कमाई लहान मुलं जगू लागली म्हणून झालेली आहे. मोठ्या माणसांचं काय, हे पाहायचं तर वयोगट बदलायलाच हवा. 15 ते 49 निवडा: हृदयविकार, क्षय, आत्महत्या, रस्त्यावरचे अपघात. घर चालवणारी माणसं आहेत ही. मला इथून पुढे सरकवेना.

आमच्या ग्रामसभेत लॅपटॉप टीव्हीला जोडून हे दाखवलं. श्वासाच्या जुन्या आजाराचा चौकोन एवढा मोठा का, असं बायकांनी विचारलं. 'आम्ही बायका कुठं विडी ओढतो?' मग जोखमीची, म्हणजे आजार कशामुळे जडतात ती बाजू उघडली. तंबाखू होतीच, पण हवेचं प्रदूषण होतं आणि चुलीचा धूरही होता. त्यानंतर जी चर्चा झाली ती माझ्या कुठल्याच सरकारी तक्त्यानं घडवली नव्हती.

आता हे आकडे कशावर उभे आहेत तेही सांगतो. 2020 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांसाठी घरोघरी जाऊन नातेवाइकांना लक्षणं विचारून केलेल्या पाहण्यांचा आधार घेतात, आणि 'हार्ट बंद पडलं' छापाच्या नोंदी गणित मांडून संभाव्य आजारांत वाटतात. म्हणजे हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. संकेतस्थळ हे झाकत नाही, प्रत्येक आकड्याबरोबर खालची आणि वरची मर्यादा देतं. ती वाचल्याशिवाय एकही आकडा भाषणात वापरू नका.

उणिवा आहेत. सगळं इंग्रजीत आहे, आणि मोबाइलवर बारीक चौकोन वाचता येत नाहीत. राज्यांसाठी भारताचं वेगळं पान उघडावं लागतं. तिथंही जिल्हा मिळत नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच. तरीही आरोग्य समितीवरच्या प्रत्येकानं आणि नव्या ग्रामसेवकांनी तर हे जरूर पाहावं. मृत्यूच्या कारणाचा रकाना भरताना नातेवाइकांना चार प्रश्न जास्त विचारले जातील.