आठ महिने वापरलेले कापडी पॅड आणि मोहाचा साबण : धुळ्यातून अनुभव

खरं सांगायचं तर पहिल्यांदा घेतले ते दयेपोटी. एप्रिलमध्ये नंदुरबारच्या एका प्रदर्शनात तळोद्याजवळच्या पुनर्वसन वसाहतीतला बायकांचा बचत गट टेबल मांडून बसला होता. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं आली, त्यातल्याच एका गावातून उठून आलेल्या या बायका. कागदोपत्री 'प्रकल्पग्रस्त'. पाच पॅड आणि दोन साबण, 700 रुपये. 'चला, तेवढीच मदत' म्हणत पिशवी कपाटात टाकली आणि महिनाभर विसरले.

मे महिन्यात काढले आणि पहिल्याच दिवशी साडी खराब. चिडून फोन केला. पलीकडून शांतपणे, "ताई, आधी तीन-चारदा धुतले नाहीत का? कोरं फलालीन ओढत नाही." मला ठाऊक असायचं कारणच नव्हतं, पाकिटावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. पुढच्या खेपेपासून चिठ्ठी येऊ लागली.

त्यानंतर मात्र गळती नाही. मांडीला घासून जळजळ व्हायची तीही गेली. धुणं वाटतं तेवढं अवघड नाही : गार पाण्यात अर्धा तास भिजत, मग साबण. गरम पाण्यात टाकलं की डाग पक्का बसतो. पाच पॅडना एक बादली पुरते, नळाला रोज पाणी नसलेल्या घरात हे महत्त्वाचं. उन्हात तासाभरात कडक वाळतात. सासूबाईंनी पहिल्यांदा दोरीवर पाहून नाक मुरडलं, आता त्याच पाऊस आला की आत आणतात. पण पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि ओलसर पॅडला कुबट वास येतो. पाच कमीच पडतात, आठ तरी हवेत.

टिचबटणं सप्टेंबरात गंजली. कळवल्यावर प्लास्टिकची लावून दिली, पैसे घेतले नाहीत.

साबणाबद्दल मत थोडं वेगळं. आमच्या बोअरच्या जड पाण्यात फेस कमी, मगाला पांढरा थर बसतो. थंडीत फुटलेल्या टाचांना मात्र मोहाच्या तेलाइतकं दुसरं काही लागू पडलं नाही. दिवाळीसाठी मी उत्साहाने शाळेतल्या बायकांची 60 साबणांची ऑर्डर दिली, तीही वीस दिवस आधी. असा साबण चार-सहा आठवडे मुरावा लागतो. त्यांनी नाही म्हटलं नाही, कच्चाच माल पाठवला आणि तो साबणदाणीत चिखल होऊन बसला. शिव्या मी खाल्ल्या. चूक अर्धी माझी.

तेव्हा बसून गटाचा हिशेब पाहिला. कापूस आमच्या खानदेशात, पण कापड सुरतेहून, तेही रोखीने. एका दुकानदाराने घेतलेल्या मालाचे पैसे दोन महिन्यांनी दिले, तोवर शिलाई मशीन बंद. साबण सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात येतो, बनवायला परवाना लागतो. तो हाती नसल्याने मोठी दुकानं माल ठेवत नाहीत. पॅडचं तसं नाही. जुलै 2018 पासून त्यावर जीएसटी नाही आणि धुऊन वापरायच्या पॅडसाठी आयएस 17514 हे भारतीय मानक 2021 पासून आहे. त्याप्रमाणे तपासणी करून घेतली तर दुकानदाराला निदान कागद दाखवता येईल. त्या खर्चासाठी आम्ही सात जणींनी पुढच्या वर्षीच्या पॅडचे पैसे आधीच भरले. देणगी नको, असं त्यांनीच सांगितलं.

मागवायचे असतील तर प्लास्टिक बटणाचे मागा, निम्मे पैसे आधी द्या, आणि दिवाळीचे साबण गणपतीतच सांगून ठेवा. मी सध्या त्यांच्या मागे लागलेय की पावसाळ्यासाठी पातळ, उलगडून वाळवता येईल असं पॅड शिवा. नमुना परवाच आला. एक पाळी वापरून सांगते.