फेक शिकवताना आधी नेम की आधी तंत्र?

मुलांना फेक शिकवायच्या दोन पद्धती दिसतात. एकीत पाय, कंबर, खांदा, कोपर, मनगट असं सुटं सुटं घोटून घेतात. दुसरीत समोर लक्ष्य ठेवतात आणि फेकू देतात. कोणती धरायची, हे मुलाच्या वयावर ठरवा.

सहा ते नऊ वर्षांसाठी माझं मत ठाम आहे: लक्ष्यच ठेवा. या वयात उजव्या हाताने टाकणारं मूल बरेचदा उजवाच पाय पुढे टाकतं. त्याला "डावा पाय पुढे" म्हटलं की तो पाय ठेवतं, थांबतं आणि मग नुसत्या हाताने चेंडू ढकलतं. त्यापेक्षा जमिनीवर रेघ ओढा, डाव्या पायाने ती ओलांडून लांबच्या भिंतीवर जोरात मारायला सांगा. जोर लावायचा म्हटलं की कंबर आपोआप वळते. लक्ष्य मात्र मोठं हवं. जवळच्या लहान खुणेवर नेम धरताना मुलं अंग आखडतात. चेंडू हलका आणि मुठीत मावणारा घ्या.

दहा ते बारा या वयात दोन्हींची सांगड घाला. आता सूचना पचते, पण एका वेळी एकच. कोपर खांद्याच्या खाली पडत असेल तर त्या दिवशी फक्त कोपर बघा, मनगटाचं नाव काढू नका.

त्यानंतर तंत्राची सुटी तालीम खरी उपयोगी पडते. पण इथेच उंची झपाट्याने वाढते, मुलींची साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या. हातपाय लांबले की बसलेली फेकही बिघडते. तेव्हा रागावू नका, थोडे महिने द्या. हाडांच्या टोकांशी असलेली ग्रोथ प्लेट (जिथून हाड वाढतं तो भाग) अजून मऊ असते, म्हणून फेकी मोजा. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मार्गदर्शक तत्त्वांत पिचरसाठी, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्यासाठी, दिवसाच्या फेकींची कमाल मर्यादा ११-१२ वर्षांना ८५ आणि १३-१४ वर्षांना ९५ आहे. भालाही वयाप्रमाणे बदलतो: पुरुषांचा ८०० ग्रॅम, तर १८ वर्षांखालील मुलांचा ७००; महिलांचा ६००, तर त्या वयाच्या मुलींचा ५००. मोठा भाला लवकर हातात देण्यात काहीच कमाई नाही.

सगळ्या वयांची मुलं एकत्र आणि शिकवणारे तुम्ही एकटेच असाल, तर लक्ष्याची पद्धत निवडा. त्यात मोठ्यांचं फारसं अडत नाही; उलट केलं तर लहानांचं खूप अडतं. आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं कुणी म्हणालं, तर त्याची फेक त्याच क्षणी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.