ऑर्लिस्टॅट १२० कॅप्सूल : काय करते, काय करत नाही

डॉक्टरांनी लिहून दिली म्हणून बरेच महिने वजन उतरवायची ऑर्लिस्टॅट कॅप्सूल घेतली, आणि हा रिव्ह्यू मुद्दाम लिहितेय कारण मेडिकलमध्ये सर्रास "फॅट बर्नर आहे" असं सांगून देतात आणि ते साफ चूक आहे. अंगावर साठलेल्या चरबीला ही कॅप्सूल हातच लावत नाही. पोटात आणि आतड्यात तेल-तूप पचवायला लायपेज नावाचं एन्झाइम लागतं, ते ही अडवून ठेवते, त्यामुळे जेवणातली साधारण ३०% चरबी न पचता बाहेर पडते, बस्स. भात, साखर, कोल्ड्रिंक यावर काडीचा परिणाम नाही.

त्रास कोणी नीट सांगत नाही म्हणून स्पष्ट लिहिते. मिसळ, वडे, तुपातलं काही खाल्लं की शी तेलकट होते, घाईची लागते, गॅससोबत तेल येऊन कपड्याला डाग पडतात. घरचं कमी तेलाचं खाल्लं की त्रास खूपच कमी, आणि खरं सांगायचं तर तळलेलं सुटलं ते याच धाकाने.

घ्यायची जेवताना किंवा जेवणानंतर तासाभरात, जेवण चुकलं तर कॅप्सूलपण नाही. अ, ड, ई, के ही व्हिटॅमिन्स चरबीसोबतच शोषली जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन झोपताना वेगळं घ्यायचं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत ४ तासांचं अंतर हवंच.

वजन किती उतरतं? स्वीडनमध्ये ३३०५ लोकांवर ४ वर्षांची ट्रायल झाली, सगळ्यांना डाएट आणि व्यायाम होताच, कॅप्सूलवाल्यांचं ५.८ किलो उतरलं आणि नुसत्या डाएटवाल्यांचं ३ किलो. म्हणजे फरक तीनेक किलोचा, पण डायबेटीस होण्याचा धोका ३७% कमी झाला, आणि ज्यांच्या घरात शुगर आहे त्यांना हे फार मोलाचं आहे.

आता बंद केल्यावर वजन परत का चढतं ते. चरबी साठवायचं काम दुसरंच एन्झाइम करतं, लायपोप्रोटीन लायपेज, ते चरबीच्या पेशींजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांत बसून रक्तातली चरबी फोडून पेशींत भरतं आणि जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की त्याला जोर येतो. १९९० च्या एका अभ्यासात खूप लठ्ठ माणसांनी वजन उतरवून ते स्थिर ठेवल्यावर हे एन्झाइम उलट वाढलेलं दिसलं, अभ्यास फक्त ९ जणांचा होता पण वजन पुन्हा वाढलं की "तुझाच कंट्रोल नाही" म्हणणाऱ्यांनी तो जरूर वाचावा, शरीर स्वतःच गेलेली चरबी परत भरायला बघतं असं त्यातून वाटतं. आपली कॅप्सूल आतड्यात काम करते, तिथपर्यंत पोचतच नाही.

माझ्याकडून ५ पैकी ३. रोजचं खाणं तेलकट असेल आणि ते बदलायची तयारी असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, गोड आणि भातानेच वजन वाढलं असेल तर पैसे घालवू नका. प्रेग्नंट बायकांनी आणि पित्ताचा प्रवाह अडलेल्यांनी अजिबात घ्यायची नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.