मध्यावर ट्रेड बदलताना: पायदळातून वैद्यकीय साहाय्यक होण्याच्या प्रशिक्षणाचे परीक्षण

पायदळात बारा वर्षे काढल्यानंतर मी ट्रेड, म्हणजे सैन्यातील कामाचा प्रकार, बदलण्याचा अर्ज केला, चाचणी दिली, वैद्यकीय साहाय्यकाचे प्रशिक्षण पुरे केले, आणि नव्या ट्रेडमध्ये आता मला दोन वर्षे झाली आहेत. सेवेच्या मध्यावर असा निर्णय घेऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून समुपदेशनापासून नव्या नेमणुकीपर्यंतच्या या व्यवस्थेचे परीक्षण येथे करत आहे. प्रशिक्षणाला माझ्याकडून पूर्ण गुण आहेत. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कागदोपत्री कारभाराला मात्र मी ते देऊ शकत नाही.

समुपदेशन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले की, आवडीचा विचार नंतर करू, आधी जागा कुठे आहेत ते पाहू. हे ऐकताना मन खट्टू झाले, पण ते खरे होते. सैन्यात ट्रेड बदलाला मान्यता मिळते ती मुख्यतः मनुष्यबळाच्या गरजेवरून. मंजूर संख्येपेक्षा जास्त माणसे असलेल्या ट्रेडमधून बाहेर पडणे सोपे असते, तुटवडा असलेल्या ट्रेडमध्ये प्रवेश सोपा असतो, आणि याच्या उलट दिशेने जाऊ पाहणाऱ्याचा अर्ज कितीही कळकळीचा असला तरी अडकतो. माझ्यासमोर जादा आणि तुटीच्या ट्रेडची यादी ठेवली गेली, आणि त्यामुळे खोट्या आशेवर माझा एकही महिना वाया गेला नाही.

अभियोग्यता चाचणीची तयारी मला प्रत्यक्ष चाचणीपेक्षा अवघड गेली. अमेरिकेच्या सैन्यदलांत 1968 साली सुरू झालेली आणि 1976 पासून सर्व दलांनी भरतीसाठी स्वीकारलेली ‘अ‍ॅसव्हॅब’ ही चाचणी अशा परीक्षांचा परिचित नमुना आहे. तिथेही सेवेतल्या सैनिकाला ती पुन्हा देऊन आपले गुण सुधारता येतात, कारण अंकगणित आणि शब्दज्ञान यांच्या गुणांवर कोणते ट्रेड खुले होतात हे ठरते. भरतीच्या वेळी कसेबसे पार केलेले गणित बारा वर्षांनी पुन्हा समोर आले, तेव्हा संध्याकाळच्या शिकवणी वर्गाने मला तारले. ज्यांना हा वर्ग उपलब्ध असेल त्यांनी तो टाळू नये.

माझी पहिली गंभीर तक्रार शारीरिक निकषांबद्दल आहे. माझ्याबरोबरच्या एका सहकाऱ्याने विद्युत-तंत्रज्ञ होण्यासाठी अर्ज केला होता, चाचणीतही तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, आणि त्यानंतर त्याला कळले की लाल-हिरवा भेद ओळखण्यात दोष असल्याने तो ट्रेड त्याला मिळणारच नव्हता. रंगदृष्टीची तपासणी काही मिनिटांची असते. ती अर्जाच्या पहिल्या दिवशी झाली असती, तर त्या माणसाचे अर्धे वर्ष वाचले असते.

प्रत्यक्ष प्रशिक्षणाबद्दल मात्र किती लिहू असे होते. रणांगणावरील उपचारांची आजची पद्धत 1996 साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांवर उभी आहे, आणि तिचे तीन टप्पे आहेत: गोळीबाराखालचे उपचार, आडोशाला आल्यानंतरचे उपचार आणि जखमीला मागे नेतानाचे उपचार. पहिल्या टप्प्यात आधी प्रत्युत्तराचा गोळीबार करून धोका दाबायचा असतो, आणि त्या वेळी करण्यासारखा जवळजवळ एकमेव उपचार म्हणजे हातापायातून वाहणारे रक्त टूर्निके, म्हणजे रक्तप्रवाह रोखणारा पट्टा, आवळून थांबवणे. हे शिकवताना आमच्या प्रशिक्षकांनी पायदळातून आलेल्या आम्हा तिघांना पुढे बोलावून आडोसा कसा निवडायचा ते वर्गाला दाखवायला सांगितले. जुना ट्रेड मागे टाकून आलो आहोत असे वाटत असताना त्याची गरज नव्या ट्रेडच्या पहिल्याच धड्यात पडली, याचे समाधान मला आजही शब्दांत मांडता येत नाही.

दुसऱ्या टप्प्यात तीच जुनी सवय आडवी आली. पायदळात वेग अंगी बाणवलेला असतो. इथे थांबून जखम पुन्हा उघडून पाहावी लागते, कपड्यांवरून घाईने बांधलेली टूर्निके जखमेच्या दोन-तीन इंच वर थेट त्वचेवर बांधावी लागते, बांधल्याची वेळ लिहावी लागते, आणि जखमीला थंडीपासून जपावे लागते, कारण शरीर गार पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. मी दोनदा वेळ लिहायला विसरलो. प्रशिक्षकांनी आवाज न चढवता दोन्ही वेळा संपूर्ण सराव पहिल्यापासून करून घेतला.

हुद्द्याचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला, आणि त्याबद्दल आधी कोणीही बोलत नाही. माझ्या दंडावर फिती होत्या, पण शीर कशी शोधायची हे मला माझ्याहून आठ वर्षांनी कनिष्ठ असलेल्या जवानाकडून शिकावे लागले. पहिले काही दिवस तो मला सुधारताना संकोचत होता, आणि मीही त्याला तो संकोच सोडायला सांगितले नाही. ती माझी चूक होती. अखेर प्रशिक्षकांनी दालनात शिकवणाऱ्याचाच शब्द अंतिम राहील असा नियम घातला. असा नियम पहिल्या दिवसापासून हवा. नेमणुकीनंतरही हुद्दा वरचा आणि कामाचे ज्ञान नवे ही ओढाताण काही महिने राहते, कारण आपल्या हाताखालच्या माणसांना आपल्यापेक्षा जास्त येत असते.

ट्रेडशी माणूस किती बांधलेला असतो हे 2016 साली अमेरिकी नौदलात दिसले. नौसैनिकांना एका कामातून दुसऱ्यात जाणे सोपे व्हावे म्हणून सप्टेंबरमध्ये तिथे ट्रेडनुसार असलेली जुनी पदनामे काढून टाकण्यात आली, आणि नौसैनिकांच्या तीव्र नाराजीनंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती परत द्यावी लागली. उद्देश चांगला होता, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण पायदळाचे चिन्ह उतरवून ठेवले त्या संध्याकाळी मला जे वाटले, त्यावरून त्या नौसैनिकांचे दुःखही मी समजू शकतो.

प्रशिक्षणाच्या बदल्यात ठरावीक वर्षे अधिक सेवेचे बंधन स्वीकारावे लागते, आणि ते मला रास्त वाटते. बढतीची ज्येष्ठता नव्या ट्रेडमध्ये कशी मोजली जाणार, हे मात्र मला नेमणुकीनंतर चार महिन्यांनी, तेही तीनदा विचारल्यावर, तोंडी सांगण्यात आले. अर्ज करणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी या एका प्रश्नाचे उत्तर लेखी मागून घ्यावे आणि त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी.