टेम्पोवरचे गुलाब घेताना मातीचा गोळा फोडून बघा

दिवाळीनंतर सोसायट्यांच्या गेटाशी गुलाबाच्या रोपांचे टेम्पो उभे राहतात. कोथरूडमध्ये आमच्याकडेही आला. सगळे विक्रेते लबाड नसतात. पण मला भेटलेल्याची पद्धत इतकी सफाईदार होती की लिहून ठेवलेली बरी.

रोपं दृष्ट लागण्याजोगी. लाल मातीचा घट्ट गोळा, वरून सुतळी गुंडाळलेली, प्रत्येक फांदीवर टपोरी कळी. "ताई, डोळा भरलेली कलमं आहेत, बारा महिने फुलतील." दोनशेला एक. निळ्या गुलाबाचा फोटो दाखवून त्याचे चारशे सांगत होता. गुलाबात निळं रंगद्रव्य मुळात नसतंच. जपानमध्ये जनुकबदल करून 2009 साली जो 'निळा' गुलाब विक्रीला आला, तोही जांभळटच आहे. (निळं फूल हवंच असेल तर गोकर्ण लावा, कुंपणावर फुकट उगवतो.)

मी लाल गुलाबाची तीन रोपं घेतली. कळ्या झकास उमलल्या. मग एकाच्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली वाळत आल्या. गुलाबाला असा रोग होतो, डायबॅक म्हणतात त्याला. टेम्पो पुन्हा आला तेव्हा विचारलं, तर उत्तर तयार होतं: "पाणी जास्त झालं ताई, हे औषध घाला." आणि दीडशे रुपयांची दाणेदार पुडी हातात.

गोम इथेच आहे. गुलाबाची दुखणी काय कमी? पाणी साचलं की मुळं कुजतात, पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके, थंडीत भुरी, उन्हाळ्यात लाल कोळी. त्यामुळे रोप मेलं की घरचे म्हणणार, तुझंच काहीतरी चुकलं. विकणारा नामानिराळा.

कुंडी रिकामी करताना तो गोळा तसाच घट्ट निघाला, म्हणून बादलीत भिजत टाकला. माती सुटली आणि हातात राहिली नुसती काडी. खालचं टोक कात्रीने तिरपं कापलेलं, साल बुळबुळीत, मुळाचा एक तंतूही नाही. फुलदाणीतल्या फुलासारखी ती फांदी ओल्या चिकणमातीवर तग धरून होती, आणि कळ्या उमलल्या त्याही तेवढ्यावरच.

दुसरं रोप उलट जोमात. लांबच लांब फिक्या हिरव्या फांद्या, काटे तुरळक, पानं बारीक, फूल मात्र नाही. शेजारच्या काकांनी बुंध्याची माती बोटाने उकरली आणि म्हणाले, "अहो, हा फुटवा जोडाच्या खालून आलाय. तुम्ही खुंट वाढवताय!" रानगुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या बुंध्यावर, चांगल्या जातीचा डोळा (फांदीवरचा कोंब) बसवतात, त्यालाच डोळा भरणं म्हणतात; तो बसवलेली जागा म्हणजे जोड. माझ्या रोपातला डोळा वाळून कोळसा झाला होता आणि जगला होता तो नुसता खुंट. एका पानात सात पर्णिका (छोटी पानं) म्हणजे रानटी, असं सरसकट सांगतात, त्यावर विसंबू नका; काही चांगल्या जातींनाही सात येतात. फुटवा जोडाच्या वरून निघालाय की खालून, एवढं बघा. खालचा असेल तर वरवर छाटू नका, बुडातून ओढून काढा, नाहीतर तिथूनच आणखी फुटतात.

तिसरं रोप खरं निघालं. अशी एक-दोन खरी असतात म्हणूनच धंदा चालत असावा.

पुडी कृषी सेवा केंद्रात दाखवली. दुकानदार हसला, म्हणाला, दिसायला तरी हे डीएपी खत आहे. त्याची 50 किलोची गोणी 1350 रुपयांना, म्हणजे किलो 27 रुपये. माझ्या पुडीत मूठभर दाणे. शिवाय डीएपी हे खत, रोगावरचं औषध नव्हे. कीटकनाशक किंवा बुरशीनाशकाच्या डब्यावर विषारीपणा दाखवणारा, खालचा त्रिकोण रंगीत असलेला तिरका चौकोन असतोच, तो नसलेली पुडी 'औषध' म्हणून घेऊच नका. खरा डायबॅक असेल तर वाळलेला भाग हिरवं लाकूड लागेपर्यंत कापून कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतात.

घेताना विक्रेत्यासमोरच गोळ्याची कड फोडा, पांढरी मुळं दिसली पाहिजेत. तो "गोळा फुटला तर झाड मरेल" म्हणाला तर पुढे चला. पिशवीतलं रोप देणारी रोपवाटिका खालच्या भोकातून मुळं दाखवते. जोड बोटाला लागला पाहिजे आणि त्याच्या वरून निदान एक हिरवा फुटवा हवा.

ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, पण तक्रारीला पावतीचा आधार लागतो. मी मागितली होती. "झाडाची कसली पावती ताई?" म्हणत त्याने टेम्पो सुरू केला.