नॅस्कार २०२६: यंदा नेमका कोणाचा नंबर आपला मानायचा?

नॅस्कार ही अमेरिकेतली मोटार शर्यतींची मालिका नव्याने बघणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे गर्दी. चार्टर असलेल्या, म्हणजे दर शर्यतीत जागा पक्की असलेल्या ३६ गाड्या आणि वर जास्तीत जास्त चार जागा पात्रता मिळवणाऱ्यांसाठी. हंगाम फेब्रुवारी ते नोव्हेंबर. एवढ्या गाड्यांमधला एखादा नंबर आपला मानल्याशिवाय तीन-साडेतीन तासांची शर्यत बघवत नाही, हा अनुभव बहुतेकांचा असेल. भारतातून बघणाऱ्यांना तर जागरणाचाही हिशेब करावा लागतो. १५ फेब्रुवारीची डेटोना ५००, म्हणजे हंगामातली सर्वांत मानाची शर्यत, आपल्याकडे रविवारची मध्यरात्र उलटल्यावरची आणि सकाळी ऑफिस आहेच. अमेरिकेत शार्लट शहराच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना झोपेचा प्रश्न नाही, पण बहुतेक संघांचे कारखाने त्यांच्या घरापासून तासाभराच्या आत असतात आणि 'तू कोणाचा?' हे ऑफिसात कोणीतरी विचारतंच.

जास्त जिंकतो त्याला धरा, हा नेहमीचा सल्ला. यंदा तो पुरेसा नाही. करार कधीपर्यंत आहे आणि नव्या गुणपद्धतीत हा ड्रायव्हर कुठे बसतो, या दोन गोष्टी आधी बघा.

नियम बदलले, म्हणून माणसांचे भावही बदलले

गेल्या वर्षीपर्यंत नियमित हंगामात एक शर्यत जिंकली की प्लेऑफचं, म्हणजे शेवटच्या दहा शर्यतींच्या बाद फेरीचं, तिकीट जवळपास खिशात असायचं. शेवटी चार जण उरायचे आणि एकाच शर्यतीवर अजिंक्यपद ठरायचं. २ नोव्हेंबर २०२५ ला फिनिक्समध्ये डेनी हॅमलिनने २०८ लॅप आघाडी सांभाळली. जेमतेम तीन लॅप उरले असताना विल्यम बायरनचा टायर गेला, सगळ्यांचा वेग कमी करणारा पिवळा झेंडा निघाला आणि सगळे टायर बदलायला पिटमध्ये धावले. हॅमलिनच्या क्रूने चारही टायर बदलले, काइल लार्सनच्या क्रूने दोनच. त्या काही सेकंदांत लार्सन पुढच्या रांगांत जाऊन उभा राहिला आणि हॅमलिन मागच्या गर्दीत सापडला. शर्यत जिंकली त्या शेवटच्या चौघांत नसलेल्या रायन ब्लेनीने, लार्सन तिसरा, हॅमलिन सहावा. दिवसभरात एकही लॅप आघाडीवर नसलेला लार्सन अजिंक्य ठरला. आदल्या दिवशी नॅस्कारच्या खालच्या, दुसऱ्या क्रमांकाच्या मालिकेतही तेच झालं होतं. हंगामात दहा शर्यती जिंकलेला कॉनर झिलिश हरला आणि विजेतेपद मिळालं जेसी लव्हला, ज्याचे त्या दिवसाचा धरून विजय दोन.

लोक वैतागले ते वैतागलेच. जानेवारीत नॅस्कारने ही पद्धत गुंडाळली. आता २६ शर्यतींनंतर निव्वळ गुणांवर पहिले सोळा पुढे जातील. एखादी शर्यत जिंकली म्हणून आत, ही सवलत बंद. त्या सोळा जणांचे गुण नव्याने लावले जातील: पहिल्याला २१००, दुसऱ्याला २०७५, तिसऱ्याला २०६५, पुढे पाच-पाच कमी करत सोळाव्याला २०००. मग दहा शर्यती, मध्ये कोणी बाद होणार नाही, ज्याचे गुण जास्त तो विजेता. शर्यत जिंकणाऱ्याला ४० ऐवजी ५५ गुण मिळतील आणि दुसऱ्याला ३५. म्हणजे विजयाचं मोल वाढलं, पण एका विजयावर वर्ष काढायची सोय गेली.

कराराचं बंद पाकीट

आयपीएलच्या लिलावात आकडा सगळ्यांसमोर पुकारला जातो. इथे तसं काही नाही. 'बहुवर्षीय करार झाला' एवढं एक वाक्य जाहीर होतं, कधी कधी तेही नाही. पगार, बक्षिसातला वाटा, सोडून जायच्या अटी सगळं गुलदस्त्यात. गेल्या वर्षी ट्वेंटी-थ्री इलेव्हन आणि फ्रंट रो या दोन संघांनी नॅस्कारविरुद्ध लढवलेल्या खटल्यात मात्र थोडं बाहेर आलं. गाडीला चार्टर नसेल तर ड्रायव्हर मोकळा, अशी सोय ट्वेंटी-थ्री इलेव्हनचा ड्रायव्हर टायलर रेडिकच्या करारात होती हे तेव्हा कळलं. एक गाडी वर्षभर शर्यतींना नेण्याचा खर्च २ कोटी डॉलर, आणि त्यात ड्रायव्हरचा पगार धरलेला नाही, असं ट्वेंटी-थ्री इलेव्हनचा सहमालक म्हणून हॅमलिनने साक्षीत सांगितलं. ११ डिसेंबरला तडजोड झाली, चार्टर कायमस्वरूपी झाले आणि रेडिकबद्दलची चर्चाही थांबली.

एवढा पैसा मुख्यतः प्रायोजकाकडून येतो. त्यामुळे प्रायोजक गेला की करारातली वर्षं कागदावरच राहतात किंवा नवा कागद होतच नाही. काइल बुश दोन वेळचा अजिंक्य. तरी २०२२ च्या अखेरीस मार्स कंपनी बाहेर पडली आणि जो गिब्ज रेसिंगला त्याला ठेवता आलं नाही.

हॅमलिन की बायरन

हॅमलिनचा करार २०२७ पर्यंत आहे आणि हा बहुधा शेवटचा, असं त्यानेच सांगून टाकलंय. वय ४५. कप, म्हणजे नॅस्कारच्या सर्वांत वरच्या मालिकेत ६० विजय, डेटोना ५०० तीनदा, अजिंक्यपद एकदाही नाही. सगळी कारकीर्द गिब्जच्या ११ नंबरच्या गाडीत, आणि मायकेल जॉर्डनसोबत स्वतःचा संघ काढूनही तो चालवतो गिब्जचीच गाडी. म्हणजे स्वतःच्या पगारी ड्रायव्हरांना हरवायला दर रविवारी ट्रॅकवर उतरतो. असला प्रकार दुसऱ्या कुठल्या खेळात सहज सापडणार नाही. डिसेंबरच्या शेवटी घराला लागलेल्या आगीत त्याचे वडील गेले. त्या धक्क्यानंतर तो कसा उभा राहतो, यावर आत्ता बोलणं बरं नव्हे.

गेल्या वर्षी त्याने सहा शर्यती जिंकल्या, सर्वांत जास्त. नवी पद्धत त्याच्यासारख्यालाच धार्जिणी आहे, कारण दहा शर्यतींच्या बेरजेत एका पिट स्टॉपने सगळं जात नाही. शेवटच्या दहात डार्लिंग्टन, गेटवे, लास वेगास आणि मार्टिन्सव्हिल आहेत, आणि २०२५ मधले त्याचे सहापैकी चार विजय याच ट्रॅकवरचे.

बायरन त्याच्या अगदी उलट टोकाला. वय २८, हेंड्रिक मोटरस्पोर्ट्सशी करार २०२९ पर्यंत, २०२४ आणि २०२५ अशा सलग दोन डेटोना ५०० खिशात आणि गेल्या वर्षी नियमित हंगामात गुणतक्त्यावर पहिला. त्या जागेला आता २१०० गुण, म्हणजे सोळाव्यापेक्षा शंभराची आघाडी. पुढची चार वर्षं नंबर बदलायचा नाही असं ठरवलं असेल, तर बायरनच्या २४ नंबरइतका निर्धास्त पर्याय दुसरा नाही. फक्त त्याच्यासाठी मध्यरात्री उठून कोणी ओरडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. त्याच संघातल्या चेस एलियटचा करार २०२७ पर्यंत आहे, पण तो सलग आठ वर्षं चाहत्यांच्या मतांनी सर्वांत लोकप्रिय ठरलाय. त्याला आणखी एक चाहता मिळाला काय किंवा न मिळाला काय.

एका हंगामापुरतंच बघायचं असेल तर माझं मत हॅमलिनला. दोन वर्षांत गोष्ट संपणार आहे आणि शेवट लिहिलेला नाही.

ट्रॅकहाउसचे दोघे

यंदाची खरी मजा इथे आहे. एकाच संघात शेन व्हॅन गिसबर्गन आणि कॉनर झिलिश. शेनने गेल्या वर्षी चालवलेला ८८ नंबर झिलिशकडे गेला आणि तो स्वतः ९७ घेऊन उतरतोय.

शेन न्यूझीलंडचा. ऑस्ट्रेलियातल्या सुपरकार्स मालिकेचा तीन वेळचा विजेता. २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर पहिल्याच कप शर्यतीत जिंकला, जे साठ वर्षांत कोणाला जमलं नव्हतं. बाहेरून येऊन असं काही करणं किती कठीण, हे आपल्या नारायण कार्तिकेयनला विचारा. तो २०१० मध्ये नॅस्कारच्याच ट्रक मालिकेत उतरला, तिथल्या चाहत्यांनी त्या वर्षी सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून त्याला निवडलं, पण प्रकरण एका हंगामापुरतंच राहिलं. शेन मात्र टिकला. २०२५ मध्ये पाच विजय: मेक्सिको सिटी, शिकागो, सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन आणि शार्लटचा रोव्हल (ओव्हलच्या आतून वळणावळणाने जाणारा ट्रॅक). ट्रॅकहाउसने ऑगस्टमध्ये त्याचा बहुवर्षीय करारही केला.

आता वेळापत्रक उघडा. वर्षातल्या सहा रोड कोर्सपैकी, म्हणजे डावी-उजवी वळणं असलेल्या ट्रॅकपैकी, यंदा चारच उरलेत. मेक्सिको गेलं. शिकागोच्या रस्त्यांऐवजी सॅन डिएगोचा नौदल तळ आला. शार्लटची ऑक्टोबरमधली शर्यत रोव्हल सोडून पुन्हा ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर गेली. शेवटच्या दहा शर्यतींत रोड कोर्स एकही नाही. आणि त्याचे पाचही विजय रोड कोर्सवरचे. २०२५ मध्ये तो प्लेऑफला गेला ते विजयांच्या जोरावर, गुणांच्या हिशेबात तो पहिल्या सोळाच्या बराच बाहेर होता. तोच निकाल यंदा लागला तर सप्टेंबरमध्ये तो यादीत नसेल.

ओव्हलवर तो सुधारलाय हे खरं. सप्टेंबरमध्ये कॅन्ससला दहावा आला, ओव्हलवर पहिल्यांदाच पहिल्या दहात. पण दर रविवारी विसाव्या-पंचविसाव्या जागेवरून बाराव्यापर्यंत येत राहणं हे एक शर्यत जिंकण्यापेक्षा वेगळं काम आहे आणि ते त्याला वर्षभर करायचंय. तेव्हा शेनला धरणार असाल तर १ मार्च, १० मे, २१ जून आणि २८ जून या रोड कोर्सच्या तारखा कॅलेंडरवर टाका. त्या दिवशी ओल्या किंवा कोरड्या रस्त्यावर ब्रेक कसा वापरावा याची शिकवणी फुकट मिळते. बाकीच्या रविवारी झोपा.

झिलिश १९ वर्षांचा, शार्लटच्या परिसरातलाच. गेल्या ऑगस्टमध्ये वॉटकिन्स ग्लेनला जिंकल्यावर गाडीवर चढायला गेला, पाय घसरून पडला आणि गळपट्टीचं हाड मोडून घेतलं. एवढं होऊनही हंगामात त्याचे दहा विजय झाले. कप मालिकेतल्या शर्यती मात्र आत्तापर्यंत मोजक्याच. संघाने त्याला क्रू चीफ, म्हणजे गाडीची तयारी आणि डावपेच बघणारा प्रमुख, दिला तो मुरलेला: रँडल बर्नेट, जो गेल्या वर्षापर्यंत बुशचा होता. सोबत रेड बुलचा पैसा. अशा पोराचा पहिला हंगाम गुणतक्त्यात बहुधा मधल्या फळीत जाईल. टायर राखणं, लांब पल्ल्याच्या शर्यतीत गाडी जपणं या गोष्टी खालच्या मालिकेत पूर्ण शिकता येत नाहीत. निकालासाठी त्याला धरलंत तर मे महिन्यातच कंटाळाल. पण पुढची दहा-पंधरा वर्षं डोळ्यासमोर ठेवून एक नंबर निवडायचा असेल तर मी ८८ म्हणेन, बायरनच्या आधी.

या दोघांसाठी जागा करताना ज्याला निघावं लागलं तो डॅनियल सुआरेझ, मेक्सिकोचा, कपमध्ये दोन विजय. तो स्पायर या संघाच्या ७ नंबरच्या गाडीत गेलाय. २०२४ मधला त्याचा अटलांटाचा विजय सेकंदाच्या ०.००३ भागाने होता, तेवढी क्लिप जरूर बघा. अजिंक्यपदाची आशा त्याच्याकडून कोणी ठेवू नये.

बुश आणि बोमन: शेवटच्या वर्षातले

करार संपत आलेल्या ड्रायव्हरला धरण्यात एक वेगळीच गंमत असते. जिंकला तर नव्या करारावर सही, हरला तर सामान बांधा. काइल बुशच्या बाबतीत रिचर्ड चिल्ड्रेस रेसिंगने हातातला पर्याय वापरून करार २०२६ पर्यंत नेला. ६३ विजयांचा मालक, २००५ पासून २०२३ पर्यंत दर हंगामात किमान एक विजय, आणि ४ जून २०२३ च्या गेटवेनंतर एकही नाही. गेली दोन वर्षं गुणतक्त्यात विसाव्या जागेच्या आसपास. क्रू चीफ नवा आलाय, जिम पोलमन, ज्याने माजी ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनिअरच्या संघात खालच्या मालिकेत काम केलंय. दुसरीकडे याच संघाच्या खालच्या फळीत २१ वर्षांचा, ताजा अजिंक्य जेसी लव्ह तयार बसलाय. बुशचा पगार वाचवून पोराला गाडी द्यावी, हा विचार मालकाच्या मनात आला नसेल तरच नवल.

ॲलेक्स बोमनचा हेंड्रिकशी करारही २०२६ पर्यंतचाच. गंमत अशी की ४८ नंबरच्या गाडीवरचा प्रायोजक २०२८ पर्यंत बांधलेला आहे, ड्रायव्हर नाही. गेल्या वर्षी एकही शर्यत न जिंकता तो निव्वळ गुणांवर शेवटच्या जागेवरून प्लेऑफमध्ये शिरला. नव्या पद्धतीत असाच ड्रायव्हर तरतो. पण हेंड्रिककडे कोरी डे हा मुलगा यंदा खालच्या मालिकेत पूर्ण हंगाम चालवणार आहे, आणि अकरावा-बारावा येणारा ड्रायव्हर ही त्या संघाची भूक नाही.

दोघांत निवडायचंच असेल तर सोळात येण्याची शक्यता बोमनची जास्त, कारण गाडी चांगली आहे. बघायला बुश. बुशची ८ नंबरची ती गाडी पंधराव्या जागेवर असली तरी तो रेडिओवर क्रूशी ज्या भाषेत बोलतो त्याने जागं राहता येतं. नव्या करारांच्या बातम्या साधारण मेपासून ऑगस्टपर्यंत फुटतात. तोवर या दोघांपैकी कोणाचीही टोपी विकत घेऊ नका, पुढच्या वर्षी तिच्यावरचा नंबर दुसऱ्याचा असू शकतो.